पावसाची रोजकीर्द

व्यापारी घराण्यांत वहीला मान असतो तो तिच्या शिस्तीमुळे. व्यवहार ज्या दिवशी झाला त्याच दिवशी लिहावा आणि जेवढा झाला तेवढाच लिहावा, हे तिचे दोन नियम. महिनाअखेरीस आठवून आठवून लिहिलेली कीर्द कोणी खरी मानत नाही. विक्री न झालेल्या दिवसाचे पानही जुने मुनीम कोरे सोडत नसत. तेथे ‘निरंक’ असे लिहीत. कोऱ्या पानाचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, विक्री झाली नाही. दुसरा, लिहिणाराच आला नाही. ‘निरंक’ या एका शब्दाने तो संशय मिटतो.

नवी मुंबईतील रबाळे येथे अशीच एक रोजकीर्द लिहिली जाते. तिच्यात जमा एकच, पावसाची.

पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ठाणे-बेलापूर रस्ता, रेल्वेमार्ग, जुनी गावठाणे व औद्योगिक वसाहत, अशी रबाळ्याची ठेवण आहे. डोंगरावर पडलेले पाणी नाल्यांतून, कारखान्यांच्या मागून खाडीकडे धाव घेते. खाडीला भरती असेल तर ते वाटेतच थबकते. अशा ठिकाणी पाऊस किती पडला, हा प्रश्न चहाच्या टपरीवरच्या गप्पांपुरता राहत नाही. तो गाळ्याच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

येथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा व्यवसाय करणारे एक जैन कुटुंब आहे. त्या कुटुंबातील ज्येष्ठांनी धंद्याची सूत्रे मुलाकडे सोपवली आणि गाळ्याच्या गच्चीवर, भिंती व टाक्यांपासून दूर, एक साधा पर्जन्यमापक बसवला. पुढे घणसोलीतील एक निवृत्त शिक्षक आणि ऐरोलीतील एक महाविद्यालयीन तरुण त्यांना येऊन मिळाले. तिघांपैकी कोणीही हवामानशास्त्र शिकलेला नाही. रोज सकाळी साडेआठ वाजता तिघे आपापल्या गच्चीवर जातात, मोजतात, लिहितात आणि एकमेकांना आकडा कळवतात.

या मोजणीचे गणित शालेय आहे. नरसाळ्याचे तोंड शंभर चौरस सेंटिमीटरचे असेल, तर त्यातून जमलेले दहा मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर नव्वद मिलिमीटर पाऊस पडला, तर आठ हजार तीनशे लिटरहून अधिक पाणी त्या पत्र्यावरून पन्हळीत उतरते. गाळेधारकाला मिलिमीटरपेक्षा ही लिटरची भाषा लवकर समजते.

साडेआठची वेळही मनाने ठरवलेली नाही. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो व दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो आणि त्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेला लिहिला जातो. म्हणजे एक तारखेला दिवसभर कोसळलेला पाऊस बहुतांशी दोन तारखेच्या खाती जमा होतो. सर्वांनी एकच घड्याळ पाळले, तरच एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

सरकारी केंद्रे असताना हा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्याने २६ जुलै २००५ आठवावा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईतील कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. शहर एक, आकाश एक, परंतु पाऊस एक नव्हता. अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या फोर्ट कॉलिन्स शहराने २८ जुलै १९९७ रोजी हाच अनुभव घेतला होता. शहराच्या एका अंगाला दहा इंचांहून अधिक पाऊस होऊन पूर आला आणि काही मैलांवर दोन इंचही पडला नाही. त्या पुरानंतर १९९८ साली तेथे सामान्य नागरिकांनी आपापल्या अंगणात पाऊस मोजण्याची योजना सुरू झाली आणि ती पुढे देशभर पसरली. त्याहीपूर्वी, इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स या गृहस्थाने १८६० पासून हौशी नोंदकर्त्यांची साखळी उभी केली. १९०० साली तो वारला तेव्हा त्या साखळीत तीन हजारांहून अधिक माणसे होती. आपल्याकडील तालुक्यांच्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा पर्जन्यमापक त्याच सायमन्सच्या नावाने ओळखला जातो.

रबाळ्याच्या या वहीची खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात झाली नाही. ती हिवाळ्यात झाली.

२०२१ साली कार्तिकी पौर्णिमा १९ नोव्हेंबरला होती. चातुर्मासाची सांगता झाली, साधू-साध्वींचे विहार सुरू झाले, गाळ्यांवरील प्लास्टिकची आच्छादने उतरली. पाऊस मोजणारे पुष्कळ हौशी लोक मान्सून परतला की यंत्र पुसून माळ्यावर ठेवतात. या तिघांनी ते ठेवले नाही. वहीत ओळीने ‘निरंक’ पडत राहिले. घरची मंडळी हसत. उन्हात गच्चीवर जाऊन रिकामे भांडे पाहण्यात कसला पुरुषार्थ, असे मुलगा विचारी. “दुकान उघडलं आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर आपण वही बंद करतो का?” एवढेच उत्तर त्याला मिळे.

मग १ डिसेंबर आला. अरबी समुद्रातील कमी दाबाची स्थिती आणि उत्तरेकडून आलेला पश्चिमी चक्रावात यांचा मेळ बसला आणि पाऊस दिवसभर पडत राहिला. कुलाबा व सांताक्रूझ या दोन्ही ठिकाणी चोवीस तासांत सुमारे नव्वद मिलिमीटर पाणी पडले. ज्या महिन्यात मुंबईत बहुतेक वर्षी छत्री लागतच नाही, त्या महिन्यातील ही गोष्ट. घाटावर गारठ्याची भर पडली. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत उघड्या रानातील शेकडो मेंढ्या दगावल्या. नाशिककडे द्राक्षबागायतदार आणि कोकणात आंब्याचे बागायतदार धास्तावले, आणि वाशीच्या बाजारातील त्यांचे व्यापारीही. विहारातील साधूंना पाऊस थांबेपर्यंत गोचरीसाठीही बाहेर पाऊल टाकता येईना, कारण पावसाच्या पाण्यातील अप्काय जीवांची विराधना टाळणे हा त्यांचा आचार.

रबाळ्यात त्या रात्री शेजारच्या एका गाळ्यात पाणी शिरले. तेथे कागदाची रिळे होती. कागद एकदा भिजला की वाळवूनही तो पूर्वीचा राहत नाही. माल बँकेकडे तारण होता, विमा उतरवलेला होता, आणि दावा करायचा होता. गाळ्याचे तरुण मालक दुसऱ्या दिवशी सकाळी ज्येष्ठांकडे आले. वर्षानुवर्षांचा घरोबा असलेल्या त्या कुटुंबाचे मोठेच नुकसान झाले होते आणि त्यांचा चेहरा ते सांगत होता.

“काका, तुमच्या वहीत कालचा आकडा थोडा वाढवून लिहा,” ते म्हणाले. “सर्व्हेअरला दाखवायला बरं. ह्या वहीला कुठं सरकारी शिक्का आहे? दुप्पट लिहिलंत तरी कोणाचं काय बिघडणार?”

“शिक्का नाही म्हणूनच तिला जपावं लागतं, बेटा. खरेपणा गेला तर तिच्यात उरलं काय?”

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा एक आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे कमी-अधिक मापे वापरणे, हा एक आहे. पावसाचा वाढवलेला आकडा हे दोन्ही एकाच ओळीत साधतो: लेखही खोटा आणि मापही खोटे. ज्येष्ठांनी हे प्रवचन दिले नाही. समोर माणूस संकटात असताना अतिचार मोजून दाखवणे हीसुद्धा एक हिंसाच. त्यांनी पानाची जशीच्या तशी प्रत दिली आणि सांगितले की दाव्यासाठी हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राचा आकडा रीतसर मागावा, महानगरपालिकेकडेही विभागवार पावसाची नोंद असते, तीही घ्यावी. आपली वही फार तर आधाराला उभी राहील, साक्षीला नाही.

शेजारी निराश होऊन गेले. काही आठवडे दोन्ही घरांतील बोलणे तुटक झाले. सत्य सांभाळण्याची किंमत बहुधा अशीच द्यावी लागते. जवळचे माणूस काही काळ दूर जाते. ज्येष्ठांच्या पत्नीने एकदा विचारलेही, की चार रेघा वाढवल्या असत्या तर एका घराचा संसार सावरला नसता का? त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ तत्काळ नव्हते. ते वहीतच सापडले.

दावा कशाचा आणि कसा मांडावा, या विवंचनेत शेजारी पुन्हा आले, तेव्हा ज्येष्ठांनी जुलै महिन्याची पाने उघडली. त्याच वर्षी १८ जुलैच्या सुमारास सांताक्रूझला एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. रबाळ्याच्या वहीतही त्या महिन्यात १ डिसेंबरपेक्षा मोठे आकडे एकाहून अधिक वेळा लिहिलेले होते.

“ह्या दिवशी तुझी रिळं भिजली होती का?” त्यांनी विचारले.

“नाही, काका.”

“मग जुलैच्या मोठ्या पावसात कोरडी राहिलेली रिळं डिसेंबरच्या लहान पावसात कशी भिजली?”

दोघे शिडी लावून पत्र्यावर चढले. पन्हळीत पावसाळ्यानंतरचा कचरा दाटलेला होता: झाडांची पाने, कबुतरांची पिसे, वाऱ्याने आलेल्या पिशव्या. उतरणीच्या नळीचे तोंड पूर्ण बुजले होते. पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून ते आत उतरले होते. पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ करण्याची रीत सर्वत्र आहे. ऑक्टोबरनंतर कोणी वर पाहत नाही, कारण हिवाळ्यात पाऊस पडत नसतो, असे सर्वांनी धरूनच चाललेले असते.

आकडा दुप्पट लिहिला असता तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. अपूर्व पाऊस पडला, दैवाने घाला घातला, असे म्हणून सगळे मोकळे झाले असते आणि पन्हळ बुजलेलीच राहिली असती. फुगवलेला आकडा नुकसानीचे खरे कारण झाकतो. जमाखर्चातील खोटी रक्कमही हेच करते. ती प्रथम दुसऱ्याला फसवते आणि मग घरच्यांना, कारण तोटा नेमका कोठून होतो हे त्यांनाही दिसेनासे होते.

दाव्याची पूर्ण भरपाई मिळाली नाही. ते वर्ष त्या कुटुंबाला जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. पन्हळ मात्र त्याच आठवड्यात साफ झाली, रिळांखाली लाकडी फळ्या आल्या आणि सफाईची दुसरी तारीख दिवाळीनंतरची ठरली.

तो हिवाळा ओलाच राहिला. जानेवारी २०२२ मध्येही पाऊस आला. २३ जानेवारीला पाकिस्तानच्या बाजूने आलेले धुळीचे वादळ मुंबई परिसरावर पसरले, गाड्यांवर पांढुरकी पूड बसली. त्या दिवसांत नरसाळ्याला चिकटलेला गाळ पाहून ज्येष्ठांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘पाण्यासोबत धूळ’ असे लिहून ठेवले. त्या दोन शब्दांचा उपयोग काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. १ डिसेंबरपूर्वीच्या ‘निरंक’ ओळींचा उपयोगही त्यांना ठाऊक नव्हता. नोंदीचा उपयोग नोंद करताना कळत नाही आणि कळतो तेव्हा मागे जाऊन नोंद करता येत नाही.

या उद्योगाला फार सामग्री लागत नाही. सरळ कडांचे भांडे व नरसाळे, एक मोजपात्र, आडोशापासून दूर असलेली जागा आणि ठरलेली वेळ एवढे पुरते. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर भांडे असावे, म्हणजे पाऊस अडत नाही. मोजून झालेले पाणी गटारात न ओतता कुंडीत ओतावे. ज्या घरांत लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजली जाते, त्या घरांत तिच्याशेजारी दहा रुपयांची आणखी एक वही ठेवणे अवघड नाही. आणि आजोबांना गच्चीवर सोबत करायला नातवंडे आनंदाने येतात.

२०२२ च्या जुलैत पुन्हा मोठा पाऊस झाला. १ डिसेंबरच्या आकड्याला मागे टाकणारे दिवस त्या महिन्यात वहीत उमटले. अशाच एका सकाळी, साडेआठला अजून काही मिनिटे असताना, शेजारचे तरुण मालक छत्री घेऊन गच्चीच्या जिन्यावर येऊन उभे राहिले. गाळा ते आधीच पाहून आले होते. रिळे कोरडी होती.

“काका, आज किती?” त्यांनी विचारले. “जेवढा झाला तेवढाच सांगा.”