आधी खोलीचं तापमान लिहा

१८ एप्रिल, नागपूर
बाहेर ४२ अंश. भाच्याचा गेमिंग पीसी आज टेबलावर आला. गेममध्ये गर्दीचा प्रसंग आला की चित्र अडखळतं आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जातो. मशीन बंद मात्र पडत नाही. ही नोंद मोलाची, कारण झटक्यात बंद होणाऱ्या मशीनमध्ये माझा संशय वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवरही जातो. एका दुकानात त्याला ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगितलंय. "मामा, नवीन कार्डच घ्यावं लागते का?" आईबाबांनी पैसे साठवून घेऊन दिलेलं मशीन आहे. मोजल्याशिवाय काहीही विकत घ्यायचं नाही, एवढंच त्याला सांगितलं.

१९ एप्रिल
पहिला आकडा खोलीचा : ३६. भोवतालची हवा जेवढी गरम, त्याच्याखाली कुठलाच पंखा प्रोसेसरला नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारा प्रोसेसर इथे ७६ च्या आसपास असणार, आणि त्यात बिघाड काहीच नाही. थंड मुलखातल्या लोकांचे आकडे बघून आपली मुलं विनाकारण घाबरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून गेम लावला. कार्ड आरटीएक्स ३०६०, ७७ अंशांवर. त्याची मर्यादा ९३, म्हणजे कार्ड निर्दोष. प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स. त्याची मर्यादा ९५ आणि आकडा नेमका तिथेच टेकलेला. चित्र अडखळतं त्याच क्षणी प्रोसेसरचा वेग, म्हणजे क्लॉक, खाली येतो.

२० एप्रिल
तापमान किती, यापेक्षा ते किती वेगाने चढतं हे जास्त बोलकं असतं. प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी सिनेबेंच चाचणी सुरू केल्यावर काही सेकंदांत ९५! उष्णता कॅबिनेटमध्ये कोंडत असती तर आकडा मिनिटामिनिटाने चढला असता. खात्रीसाठी बाजूची काच काढून पुन्हा चालवलं. आकडा हलला नाही, क्लॉकही सुधारला नाही. हवेची वाट अडली असती तर काच काढल्याबरोबर फरक दिसला असता. म्हणजे उष्णता चिपमधून हीटसिंकपर्यंत नीट पोचतच नाही.

२१ एप्रिल
आज उघडलं. एएम४ सॉकेटवरचा हीटसिंक थंड असताना सरळ ओढायचा नसतो. सुकलेली थर्मल पेस्ट चिपला धरून ठेवते आणि चिप पिनांसकट उपटून येऊ शकते. म्हणून आधी मशीन तापवलं, बंद करून वायर काढली, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सैल केले आणि हीटसिंक हळूच डावी-उजवीकडे फिरवत उचलला. एक स्क्रू आधीच ढिला होता. त्या बाजूची पेस्ट जाड, कोरडी, दाबच न बसलेली.

हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा घट्ट थर. हे आपल्या विदर्भाचं दुखणं. वाळ्याचा कूलर थेट कॅबिनेटकडे तोंड करून ठेवलेला; त्याच्या ओल्या हवेत धूळ चिकटते आणि मग फुंकरीने निघत नाही. मऊ ब्रशने साफ केलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं, नाहीतर पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लहान वाटाण्याएवढी लावली आणि स्क्रू पुन्हा समोरासमोर आवळले.

२२ एप्रिल
खोली तेवढीच, ३६. त्याच गेममध्ये प्रोसेसर ८०. सिनेबेंचमध्ये हळूहळू चढून ९१ वर थांबला, क्लॉक टिकून राहिला. पेस्टच्या ट्यूबचा खर्च काहीशे रुपये. कार्डाला हजारो गेले असते आणि चित्र तसंच अडखळत राहिलं असतं.

मे महिन्यासाठी दोन गोष्टी करून ठेवल्या. बायोसमध्ये इको मोड लावून ६५ वॉटचा प्रोसेसर ४५ वर आणला. गेममध्ये फरक जाणवलाही नाही. फ्रेमचा वेग मॉनिटरच्या १४४ वर बांधला, कारण त्यापुढच्या फ्रेम पडद्याला दाखवताच येत नाहीत, उष्णता तेवढी वाढते.

मे महिन्यात पारा ४५ ला जाईल. ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांनी आजच कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला करावं, आणि मुलाने अडखळण्याची तक्रार केली तर पाकीट काढण्याआधी खोलीचं, प्रोसेसरचं आणि कार्डाचं तापमान कागदावर लिहून घ्यावं.