मारिओचा खड्डा आणि पोराचे भुयार

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीकडे नातेवाइकांकडे मुक्कामाला गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही. तरी आमचे चिरंजीव कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोके घालून बसलेले. नववीच्या चाचणीत गणितात नापास झाल्याचा राग माझ्या मनात होताच. मी मोबाईल हिसकावला. पोरगा शांतपणे म्हणाला, "घ्या पप्पा. मी पाऊल टाकत नाही तोवर राक्षसही हलत नाही."

मला नवल वाटले. आमच्या वेळचा खेळ असा नव्हता. 1990 नंतर टीव्हीला जोडायचे गेम आले, तेव्हा आम्ही पोरे पौडला पैसे देऊन मारिओ खेळायला जायचो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1985 साली काढलेला तो खेळ. उड्या मारत पुढे जायचे, एकूण 32 टप्पे. खड्डा कुठे, शत्रू कुठे, सगळे ठरलेले. ज्याच्या खिशात पैसे, त्याचा सराव जास्त आणि त्याची वाट पाठ. माझा पैसा दुसऱ्या-तिसऱ्या खड्ड्यातच संपायचा.

पोराचा खेळ होता 'पिक्सेल डन्जन'. 2012 साली ओलेग डोल्या यांनी तो काढला आणि पुढे त्याचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. खेळायला इंटरनेट लागत नाही. भुयारात मजल्यामागून मजला खाली उतरायचे. पण प्रत्येक डावात भुयार नवे. औषधाच्या बाटल्यांचे रंगही बदलतात. आज लाल बाटलीने जखम बरी झाली, तर उद्या तिच्यातूनच आग निघेल. मेला की पहिल्या मजल्यापासून सुरुवात.

ही कल्पना जुनी आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा असा खेळ रचला. वाट संगणकानेच दर वेळी नवी आखायची, म्हणजे रचणाऱ्यालाही ती आधी ठाऊक नसेल!

"मेल्यावर सगळेच जाते, मग उपयोग काय?" मी विचारले.

"तलवार जाते पप्पा. शिकलेले जात नाही."

हे वाक्य डोक्यातून जाईना. वस्तीतल्या मुलांचा मी संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतो. 5000 रुपये, दर 8 टक्के, मुदत 2 वर्षे, सरळव्याज किती? मुले एका सुरात "800" म्हणायची आणि मी खूश व्हायचो. त्या आठवड्यात मी गणित उलटे घातले. व्याज 800 आहे, मुदत काढा. वर्ग चिडीचूप. माझा मुलगाही गप्प. दोष त्यांचा नव्हता. बी.कॉम. झालेला त्यांचा मास्तर त्यांना फक्त खड्डे पाठ करून देत होता.

मी पोराला म्हटले, "अनोळखी बाटली सापडली तर काय करतोस?"

"आधी माहीत आहे ते बघतो."

"मग इथेही तेच कर."

माहीत असलेले आकडे त्याने एकाखाली एक लिहिले. वेळ लागला, पण 2 वर्षे हे उत्तर आले. सहामाहीत तो काठावर पास झाला. मोठा पराक्रम नव्हे. पण नापासाचा पेपर त्याने लपवून न ठेवता माझ्यासमोर बसून पुन्हा सोडवला होता.

मारिओही वाईट नाही. तोच खड्डा दहादा ओलांडल्याशिवाय हात बसत नाही. पाढे पाठ हवेतच. पण पाढे पाठ झाल्यावर भुयारात उतरावे लागते. आपल्या मुलांना पुढे मुलाखती, नोकऱ्या, परकी शहरे भेटणार आहेत. त्यांचा नकाशा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात नाही.

म्हणून पालकांनो, मोबाईलला वेळेची मर्यादा जरूर घाला. आमच्या घरी रोज अर्धा तास ठरला आहे. पण हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, "काय खेळतोस रे?"