काठी आधाराची, काठी व्यायामाची

यवतमाळहून दारव्ह्याची वाट धरली की दुतर्फा कपाशीची आणि तुरीची शेते सोबत करतात. या वाटेने पुढे गेले की धावंडा नदीकाठचे दिग्रस लागते. तालुक्याचे हे गाव. जवळच अरुणावतीचे धरण, गावात घंटीबाबांचे मंदिर आणि कापूस-सोयाबीनच्या मोसमात गजबजणारी बाजारपेठ. या मुलखाची जमीन काळी. पिकाला ती माय. पण पावसाळ्यात वृद्धांच्या पावलांना तीच वैरीण. अंगणातला चिखल, जुन्या घराचा उंच उंबरठा, न्हाणीघरातली ओली फरशी, एवढे कारण वयस्क माणसाला पडायला पुरेसे होते. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरुण आणि परावलंबन ओघाने येते, आणि एका माणसाच्या पडण्याने सारे घर वाकते. पडण्याची धास्तीही तितकीच वाईट. धास्तीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की पाय दुबळे होतात आणि दुबळे पाय पुन्हा पाडतात.

हे दुष्टचक्र तोडण्याचे एक साधन आपल्याच मातीत आहे. ते म्हणजे आखाड्यातली लाठी. युद्धकलेचे वर्ग म्हटले की मोठ्या शहरातले सभागृह, गणवेश, पट्टे आणि भरमसाट शुल्क डोळ्यांपुढे येते. वऱ्हाडाचा अनुभव मात्र निराळा आहे. दिग्रसहून दारव्हा, नेर करीत अमरावती गाठावी आणि हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे आवार पाहावे. 1914 साली अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी या कार्याचा पाया घातला. हुतात्मा राजगुरूंनी येथे व्यायामाचे शिक्षण घेतले. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे मांडली. एवढ्या मोठ्या वृक्षाचे बी मात्र आखाड्याचेच होते: मोकळी जागा, थोडी साधने आणि रोज येणारी माणसे.

आखाड्याची रीतच काटकसरीची. हौद्यातली माती गावची, मुद्गल सुताराने घडवलेले, लाठी बांबूची. वस्तादापुढे शिष्य नमस्कार करी. शुल्काची पावती तिथे नसे. नागपंचमीला आखाड्याची पूजा होई आणि उत्सवाच्या मिरवणुकीत लाठीकाठी, दांडपट्टा, बनेटी यांचे खेळ रंगत. आज साठी-सत्तरी गाठलेल्या पुष्कळांनी बालपणी हे खेळ पाहिले असतील. काहींनी दोन-चार हात फिरवलेही असतील. ती ओळख अजून हाताला आहे, तिचाच उपयोग करून घ्यावा.

उपयोग म्हणजे वार-प्रतिवार नव्हेत. वृद्धांच्या वर्गात लाठी कुणावर उगारायची नसते, ती तोल शिकण्यासाठी असते. लाठी दोन्ही हातांनी धरून सावकाश वर-खाली नेली की आखडलेले खांदे मोकळे होतात. ती आडवी धरून एकेक पाऊल पुढे, मागे व बाजूला टाकले की शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर अलगद कसा न्यावा, ते कळते. वाटेत पाय अडखळला असता सावरणारी क्रिया नेमकी हीच असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या सूचनांत, 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे विविध व्यायाम करावेत, असे म्हटले आहे. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धांवरील 108 अभ्यास तपासले गेले; व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. हा निष्कर्ष केवळ लाठीचा नाही. पण तोल आणि ताकद यांचा अभ्यास लाठीने सहज साधता येतो.

दिग्रससारख्या गावात असा वर्ग उभा करण्यास काय लागते? मंदिराचे प्रांगण किंवा शाळेचे पटांगण, परवानगी घेऊन. जमीन सपाट व कोरडी असावी. पावसाळ्यात ओसरी किंवा सभामंडप बरा. बांबूची काठी बाजारात सहज मिळते. मात्र ती हलकी, छातीइतक्या उंचीची आणि घासून गुळगुळीत केलेली असावी. चिंबलेली किंवा कुसळे निघालेली काठी हाताला जखम करते. भिंतीला टेकवून ठेवलेली, हात असलेली एक भक्कम खुर्ची हवी. शिकवणारा म्हणून परिसरातील क्रीडाशिक्षक किंवा जुना आखाडेबाज पुढे येऊ शकतो. 20 जणांनी महिन्याला प्रत्येकी 50 रुपये काढले तरी 1,000 रुपयांचे मानधन जमते. नवा गणवेश नको. सैलसर सुती कपडे आणि टाच धरून ठेवणारी पादत्राणे पुरेत. निसटणाऱ्या सपाता घालू नयेत. लुगड्याचा घोळ पायात येणार नाही, याची स्त्रियांनी काळजी घ्यावी.

पहिल्या महिन्यात 20 मिनिटेच पुरेत. आरंभी जागच्या जागी पावले उचलणे, मग खुर्चीतून हातांचा कमीत कमी आधार घेऊन उठणे-बसणे, नंतर लाठीचे हात आणि शेवटी शांत श्वास. जोर लावताना श्वास कोंडू नये. त्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, ठिसूळ हाडे, वारंवार येणारी भोवळ किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. छातीत दुखणे, दम लागणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे जाणवताच थांबावे, आणि त्रास शमला नाही तर तातडीने दवाखाना गाठावा. वैशाखात विदर्भाचे ऊन कडक. तेव्हा सूर्य वर येण्यापूर्वीच वर्ग आटोपावा आणि जवळ पाणी ठेवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी सोबत यावे, पण हात धरून ओढू नये. दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे. सावरता येईल इतके जवळ आणि मोकळेपणा राहील इतके दूर. "आई, राहू दे, पडशील," हे वाक्य प्रेमाचे असले तरी त्याने माणूस खुर्चीला खिळतो. त्याऐवजी "मी इथेच आहे, एक पाऊल टाक," असे म्हणावे. नातवंडांनाही त्याच अंगणात लाठी शिकू द्यावी. मात्र त्यांची फिरणारी लाठी आजी-आजोबांपासून पुरेशी दूर असावी.

म्हातारपणी काठी हाती येतेच. ती केवळ टेकण्यासाठी यावी की टेकणे लांबवण्यासाठी, हे काही अंशी आपल्या हाती आहे. चार शेजाऱ्यांनी ठरवले तर उद्याची पहाटही त्यासाठी पुरे.