जोहान्सबर्गच्या फळबाजारात

परगावी जाऊन तिथला बाजार पाहिला नाही, तर आम्हां बायकांना प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. जोहान्सबर्गला भाच्याकडे उतरले होते. "मावशी, आज तुला हिंदी लोकांचा जुना फळबाजार दाखवतो," असे तो म्हणाला आणि मी पिशवी घेऊन निघाले!

पिशवी रिकामीच राहिली. न्यूटाउन भागातली ती १९१३ सालची इमारत १९७६ पासून 'मार्केट थिएटर' झाली आहे. भाच्याला दाखवायची होती ती त्याच वस्तीतली फोटोग्राफीची शाळा, 'मार्केट फोटो वर्कशॉप'. डेव्हिड गोल्डब्लाट या गोऱ्या छायाचित्रकाराने ती १९८९ साली काढली. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या सरकारी शाळा तेव्हा वेगळ्या होत्या. गोल्डब्लाट यांनी आपले दार सर्व वर्णांच्या मुलांना उघडे ठेवले. २०१८ साली ते वारले. शाळा चालू आहे.

तिथेच रस्त्याकडेला उभे राहून भाच्याने पासाची हकीकत सांगितली. सोळा वर्षांवरच्या काळ्या माणसाने फोटो चिकटवलेले पासबुक सदैव जवळ बाळगायचे. पोलिसाने मागितले आणि खिशात नसले, की अटक! हा कायदा १९८६ साली गेला आणि तिसऱ्याच वर्षी ही शाळा निघाली. ज्या घरांनी फोटोची अशी धास्ती घेतली होती, त्याच घरांतली पोरे इथे कॅमेरा धरायला शिकली.

झानेले मुहोली यांचे शिक्षण २००३ साली इथलेच. त्यांच्या आईने सारा जन्म गोऱ्यांच्या घरी मोलकरणीचे काम केले. आईचेच नाव दिलेला मुहोलींचा एक फोटो भाच्याने पुस्तकात दाखवला. त्यात मुहोलींनी स्वतःच्या केसांत कपडे वाळत घालायचे चिमटे खोवले आहेत, एखाद्या राणीने मुकुट घालावा तसे. पुढची पाने मी उलटलीच नाहीत.

मुंबईला परतल्यावर घरचे अल्बम काढून बसले. आमच्याकडे बावीस वर्षे काम करणाऱ्या बाई प्रत्येक मुंजीत, बारशात राबल्या. शोधून शोधून एका फोटोत सापडल्या. लाडवांचे ताट धरलेला नुसता हात, तोही बांगडीवरून ओळखला.

दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटले, "बसा, तुमचा एक फोटो काढते."

"तुम्ही कशाला?" बाई म्हणाल्या. "माझी नात काढील, तिला झकास जमतो. तुम्ही बसा इथं माझ्याशेजारी."