बिऱ्हाडकरूचें जपान

जपान देशाविषयीं आमच्या लोकांचें मत फार चांगलें आहे, आणि तें बहुधा आठ दिवसांत बनलेलें असतें. कोणी कारखान्याच्या कामानिमित्त टोकियोस जातो, कोणी सहलीच्या मंडळीबरोबर क्योतोचीं देवळें पाहून येतो, आणि परत आल्यावर ओसरीवर बसून सांगूं लागतो: रस्त्यावर कागदाचा कपटा नाहीं, आगगाडीला मिनिटाचा उशीर नाहीं, हरवलेलें पाकीट चौकींत जसेंच्या तसें मिळालें. ऐकणारे मान डोलवितात, "नाहीं तर आपला देश!" असें म्हणतात, आणि चहाचा पेला खालीं ठेवितात. या प्रवासी मंडळीशीं आमचें वैर नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें खरेंच पाहिलें. परंतु पाहुण्यास घराची बैठक दाखवितात. मोरी कोणत्या बाजूस आहे व ती कोण घासतो, हें ज्यानें तेथें बिऱ्हाड केलें त्यालाच ठाऊक. म्हणून पाहुण्याचें जपान बाजूस ठेवून आज आम्ही एका बिऱ्हाडकरूचें जपान वाचकांपुढें मांडणार आहों.

हे बिऱ्हाडकरू म्हणजे आमचे धाकटे मावसबंधु. वाढले लातुरास, शिकले लातूर व पुणें येथें, धंदा संगणकाचा. आज पंधरा वर्षें ते पत्नी व मुलांसह टोकियोच्या एदोगावा विभागांत राहतात. त्या विभागांतील निशि-कासाई हा भाग भारतीयांच्या वस्तीबद्दल प्रसिद्ध आहे. सन २००० लागतांना संगणकांतील सालाच्या आंकड्याची जी अडचण जगभर उभी राहिली, तिच्या निवारणासाठीं आपल्याकडील पुष्कळ तरुण तिकडे गेले व त्यांतील कित्येक तेथेंच रमले. याच एदोगावाच्या विभाग-सभेवर २०१९ सालीं योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ जपानी नागरिक या नात्यानें निवडून आले, आणि पुढें ते इबाराकी प्रांतांतील एका सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. आमचे बंधु अशा कोणत्याही मानाचे धनी नाहींत. ते भाडें भरतात, कर भरतात आणि सकाळच्या गाडींत उभे राहून कचेरीस जातात. आम्हांस हवी होती तीच साक्ष त्यामुळें त्यांच्यापाशीं आहे.

गेल्या नाताळांत ते सहकुटुंब नांदेडास आमच्याकडे दोन आठवडे होते. संध्याकाळीं शेजारी, आमचे कांहीं विद्यार्थी व त्यांचे पालक अंगणांत जमत आणि प्रश्नांचा भडिमार चाले. सर्वांत अधिक प्रश्न स्वच्छतेविषयीं. एका पालकांनीं विचारिलें, "तेथें झाडूवाले किती असतात हो?" बंधु म्हणाले, "माझी मुलगी आहे ना, ती एक."

मंडळी हंसली, पण हें विनोदानें म्हटलेलें नव्हतें. जपानच्या प्राथमिक व माध्यमिक शाळांतून दररोज कांहीं वेळ धडे थांबतात आणि मुलें शाळा झाडूं लागतात. बाकें एका बाजूस सरकवितात, केर काढितात, मग ओलें फडकें दोन्ही हातांखालीं धरून ओणव्यानें लांबच लांब पडवी पुसत धांवतात. पुष्कळ शाळांत वरच्या वर्गांतील मुलें संडासही धुतात. हीं फडकीं घरून न्यावीं लागतात. जुना पंचा दुमडून, शिवून, वर मुलाचें नांव घालून. जेवणाचीही तीच तऱ्हा. पाळीचीं मुलें पांढरा झगा व टोपी घालून स्वयंपाकघरांतून भांडीं आणितात, सर्वांस वाढितात, आणि शिक्षक त्यांच्याच पंक्तीस बसून तेंच अन्न खातात. शुक्रवारीं तो झगा धुण्यासाठीं घरीं येतो व सोमवारीं इस्तरी होऊन परत जातो.

मुलगी चौथींत असतांना एके दिवशीं घरीं येऊन म्हणाली, "बाबा, आज आमच्याकडे संडासाची पाळी होती." बंधूंच्या कपाळास आठी पडली. तिचें कारण सांगतांना त्यांचा आवाज खालीं आला. आमचे मावसे कंपौंडर होते व त्यांच्या बदलीमुळें बंधूंचीं पहिलीं तीन वर्षें एका खेड्यांतील शाळेंत गेलीं. त्या शाळेंतही मुलेंच झाडीत असत. परंतु तेथें पाळी नव्हती. मास्तर नांव घेत, आणि घेतलेलीं नांवें रोज तींच असत. तीं कोणत्या वस्तीचीं, हें मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. बंधूंचें नांव त्यांत होतें. टोकियोंत मुलीच्या तोंडून संडासाचें नांव ऐकतांच त्यांच्या कानांत ती जुनी हांक वाजली.

दुसऱ्या दिवशीं ते शाळेंत गेले. "हें काम आणखी कोण करितें?" एवढेंच त्यांनीं विचारिलें. बाईंनीं भिंतीवरील पुठ्ठ्याची एक चकती दाखविली. बाहेरच्या कड्यावर कामें: केर, फळा, पडवी, जिना, संडास, आंतल्या चकतीवर मुलांच्या टोळ्या. दर सोमवारीं आंतली चकती एक घर पुढें सरकते. त्या टोळींत एका डॉक्टरांचा मुलगा होता, एका गवंड्याची मुलगी होती, आणि आमची पुतणी होती. बंधु म्हणाले, "दादा, मास्तराला नांव ठाऊक असतें. चकतीला नसतें."

यावरून जपानांत उच्चनीचभाव नव्हताच असा कोणीं ग्रह करून घेऊं नये. चामड्याचा व खाटिकाचा धंदा करणाऱ्या लोकांस त्या देशांत शतकानुशतकें वेगळ्या वस्तींत ठेविलें होतें. १८७१ सालीं सरकारनें फर्मान काढून तो भेद कायद्यानें मोडिला. परंतु लोकांच्या मनांतून तो गेला नाहीं, म्हणून १९२२ सालीं त्या लोकांनीं क्योतो येथें 'सुइहेइशा' म्हणजे समतेची संस्था स्थापिली. पुढें १९७५ सालीं असें उघडकीस आलें कीं त्यांच्या वस्त्यांच्या नांवांच्या याद्या गुप्तपणें छापून कंपन्यांस विकल्या जात होत्या. हेतु हा कीं नोकरीस माणूस घेतांना त्याचें गांव ताडून पाहतां यावें. २०१६ सालीं या भेदाविरुद्ध पुन्हा कायदा करावा लागला. चकतीला नांव ठाऊक नसतें हें खरें. कंपनीला तें ठाऊक करून घ्यावेंसें वाटे, हेंही तितकेंच खरें.

तथापि देशाचें सगळेंच घ्यावें किंवा सगळेंच टाकावें असें कोठें आहे? अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली तेव्हां त्यांनीं जपान डोळ्यांनीं पाहिलेलें नव्हतें. त्यांनीं त्या देशांतून एकच वस्तु उचलिली आणि १९१६ सालीं आपलें महिला विद्यापीठ सुरूं केलें.

स्वच्छतेनंतर विषय निघाला भूकंपाचा. हा विषय लातूरच्या माणसापुढें काढावयाचा म्हणजे जपून काढावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें, चार वाजावयास चार मिनिटें कमी असतां, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन झालेलें, गांवें दमून झोंपलेलीं. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. त्यांतील पुष्कळ जणांस धरणीनें मारिलें नाहीं, घरानें मारिलें. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लांकडी माळवदावर मातीचा थर, अशीं तीं घरें उन्हाळ्यांत थंडगार. तींच अंगावर आलीं. आम्ही दोघेही त्या रात्रीं लातुरास होतों. आमचें वय बारा, त्यांचें आठ. रस्त्यावर येऊन उजाडेपर्यंत कोणी कांहीं बोललें नाहीं, एवढें दोघांसही सारखें आठवतें.

"जपानी माणूस भूकंपाला भीत नाहीं म्हणतात तें खरें काय?" असें आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारिलें. बंधूंचें मत असें कीं हें साफ खोटें आहे. जपानी माणूस भितो, म्हणूनच सराव करितो. १ सप्टेंबर १९२३ रोजीं, बारा वाजावयास दोन मिनिटें असतां, टोकियो व योकोहामा हललीं. घरोघरीं दुपारच्या स्वयंपाकाचे विस्तव पेटलेले होते. आगी लागल्या व लाखावर माणसें मेलीं. १९६० पासून तो दिवस आपत्तिनिवारणाचा दिवस म्हणून पाळितात. शाळेंत घंटा होतांच मुलें बाकाखालीं शिरून बाकाचे पाय घट्ट धरितात, आणि कित्येक शाळांत प्रत्येक खुर्चीस एक कापूस भरलेली टोपी अडकविलेली असते. ११ मार्च २०११ रोजीं मोठा धक्का बसला व टोकियोच्या गाड्या थांबल्या, तेव्हां बंधु हजारों लोकांबरोबर चार तास चालत घरीं पोंचले. वाटेंत कोणी कोणास ढकलिलें नाहीं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू बिऱ्हाडकरूला ठाऊक असते. १९२३ च्या त्या भूकंपानंतर, कोरियन लोक विहिरींत विष कालवीत आहेत अशी कंडी पिकली आणि जमावांनीं हजारों निरपराध कोरियनांचे जीव घेतले. पाहुणा हें वाचून हळहळतो. बिऱ्हाडकरू हें लक्षांत ठेवितो, कारण तोही तेथें परकाच असतो.

इकडची गोष्ट सांगावयाची तर २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांतील भूकंपाचा धक्का नांदेडासही जाणवला. आमच्या गल्लींतील मंडळी घराबाहेर धांवली हें ठीकच. पण धांवून उभी राहिली ती बरोबर भिंतीच्या व विजेच्या तारांच्या खालीं, आणि बहुतेकांच्या हातीं मोबाईल होता. बंधूंस हें कळविलें तेव्हां त्यांचें उत्तर आलें: "किल्लारी विसरलांत काय?"

तक्रारी? त्याही पुष्कळ. घर शोधतांना चार मालकांनीं लवून नमस्कार करून, अत्यंत गोड शब्दांत, परदेशी माणसास घर देत नाहीं असें सांगितलें. हा अनुभव त्यांचा एकट्याचा नाहीं. जपानच्या न्यायखात्यानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, घर शोधलेल्या परदेशीयांपैकीं शेंकडा ३९ जणांनीं केवळ परदेशी म्हणून नकार मिळाल्याचें सांगितलें होतें. कचऱ्याचे वार ठरलेले. चुकीच्या वारीं पिशवी ठेविली कीं तिच्यावर चिठ्ठी लागून ती तेथेंच राहते, आणि सारी आळी ती पाहते. कचेरींत वरिष्ठ उठेपर्यंत कोणी उठत नाहीं. कामाच्या अतिभारानें मरण येणें याला जपानी भाषेंत स्वतंत्र शब्द आहे, आणि २०१४ सालीं त्याच्या प्रतिबंधाचा कायदा झाला. यावरून रोग किती जुना तें समजावें. मुलें कमी होत चाललीं आहेत, खेड्यांतील शाळा बंद पडत आहेत, आणि शेजारच्या एकट्या आजीबाई बंधूंच्या मुलांस मिठाई देतात, पण अंगणांत चेंडू आपटला कीं दुसऱ्या दिवशीं चिठ्ठी येते.

एक गोष्ट मात्र लातूरच्या माणसास तत्काळ पटली. जपानी कुटुंबांत प्रत्येक जण आधीं बाहेर अंग स्वच्छ धुऊन मग कढत पाण्याच्या एकाच टांकींत पाळीपाळीनें बसतो, आणि उरलेलें पाणी पुष्कळ घरीं कपडे धुण्यास घेतात. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें होतें. त्या गांवच्या माणसास हा हिशेब शिकवावा लागत नाहीं.

इतक्या तक्रारी असतां तेथें राहतां कां, असें आमच्या वहिनींस कोणी विचारिलें. त्या म्हणाल्या, "तक्रार घरच्याच माणसाची करतात." आम्हांस यावरून लाफ्काडिओ हर्न यांची आठवण झाली. हे लेखक १८९० सालीं जपानास गेले, मात्सुए गांवीं इंग्रजीचे शिक्षक झाले, तेथेंच त्यांनीं लग्न केलें. पहिल्या पुस्तकांत सारें कौतुक; पुढें मित्रांस लिहिलेल्या पत्रांत कडवट निराशाही सांपडते. आणि तरी १८९६ सालीं ते कोइझुमी याकुमो हें नांव घेऊन जपानी नागरिक झाले. बंधूंस टोकियोंत अजूनही विचारितात, "आपण परत केव्हां जाणार?" गंमत अशी कीं लातुरास आले म्हणजेही लोक हाच प्रश्न विचारितात.

जानेवारींत, मंडळी परत गेल्यावर, आम्हीं सातवीच्या पालकांपुढें चकतीची कल्पना मांडिली. एक गृहस्थ तत्काळ उठले: "गुरुजी, आम्ही फी भरतों ती मुलानें झाडू मारावा म्हणून नव्हे." त्यांच्यामागें एक बाई उभ्या होत्या, त्या सफाईच्या कामावर जातात. त्याही नाहींच म्हणाल्या. "माझ्या घरांत झाडू तीन पिढ्या आहे, गुरुजी. पोरीला त्यासाठीं शाळेंत घातलेली नाहीं." हरकत दोघांचीही एकच दिसते, परंतु ती एक नव्हे. पहिल्या गृहस्थांस उत्तर देणें सोपें होतें व आम्हीं तें दिलें. बाईंस एवढेंच विचारिलें कीं चकतीवर त्या गृहस्थांचा मुलगा, आमचा मुलगा व आठवड्यांतून एक दिवस आम्ही स्वतः असलों तर चालेल काय? त्या बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "चकती पोरांसमोर फिरवाल ना?"

पुठ्ठा आणिला आहे. पुतणीनें टोकियोहून सातवीच्या मुलांस एक पत्र पाठविलें आहे, त्यांत तिनें मोडक्या मराठींत विचारिलें आहे कीं तुमची शाळा कोण झाडतें. पत्र वर्गांत वाचून झालें. उत्तर लिहिण्याचें काम मुलांकडे आहे व तें अद्याप व्हावयाचें आहे.