ठिणगीचा माग

जुनी गाडी पावसाळ्यात घरच्या माणसांची परीक्षा पाहते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पूर्वभाग, म्हणजे नारायणगाव-मंचरचा पट्टा, पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा पश्चिमेला घाटघर-आहुप्याच्या बाजूला धुके दारात येऊन उभे राहते. डब्यातले मीठ पाझरू लागते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि अंगणातल्या गाडीच्या बॉनेटखाली ओल शिरते. आम्ही या ओल्या बाजूचे. आमच्या घरी एक जुनी पेट्रोल गाडी आहे. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झाली, पुढे दर पाच वर्षांनी तीच कागदपत्रे पुन्हा करावी लागतात, तरी आम्ही तिला सोडलेले नाही. शेवटची एसटी निघून गेल्यावर वाडीला दुसरा आधार फारसा उरत नाही, हे त्याचे साधे कारण आहे.

एका श्रावणात मध्यरात्री आमच्या आत्याबाईंना दम्याचा जोराचा झटका आला. त्यांना मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचे होते. चावी फिरवली, तर नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन सगळे शांत. महिन्यापूर्वीच एका गॅरेजमध्ये याच तक्रारीवर नवी बॅटरी बसवून मिळाली होती आणि आता ‘सेल्फही बदलावा लागेल’ असा निरोप होता. शेजारचे काका पूर्वी प्रवासी जीप चालवत. ते कंदील घेऊन आले. त्यांनी हेडलाइट लावायला सांगितले आणि मग चावी फिरवायला लावली. दिवे एकदम मिणमिणते झाले. तीन-चार वेळा असे करून त्यांनी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना आणि इंजिनापासून बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीला बोट लावून पाहिले. पट्टीचे बॉडीकडचे टोक चांगलेच तापले होते. त्यांनी तो नट सोडवला, गंज पॉलिश पेपरने घासला आणि पट्टी पुन्हा आवळून बसवली. गाडी सुरू झाली. आत्याबाई पहाटेपूर्वी ऑक्सिजनवर होत्या. दुरुस्तीला पैसा लागला नाही.

काकांनी त्या रात्री जे केले, त्यात जादू नव्हती, क्रम होता. गाडी सुरू होत नाही, एवढे म्हणून भागत नाही. इंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेट घेत नाही, हा पहिला प्रश्न. पहिल्या आजाराचे मूळ बॅटरी, तिचे सांधे, चावीचा स्विच किंवा सेल्फ यांत असते. दुसऱ्याचे मूळ ठिणगीत किंवा पेट्रोलमध्ये.

इंजिन फिरत नसेल, तर हेडलाइट खरे बोलतात. चावी फिरवल्यावर दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली असते किंवा एखादा सांधा वीज अडवत असतो. दिवे तसेच प्रखर राहिले आणि काहीच हालले नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. मग स्विच आणि सोलेनॉइड पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास ती निम्मी रिकामी समजावी. सेल्फ मात्र क्षणभरात शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. गंजलेल्या सांध्यातून छोटा दिवा जळण्याइतकी वीज जाते, सेल्फला पुरेल इतकी जात नाही. अडलेली वीज तिथे उष्णता होते. म्हणूनच काकांचे बोट त्या पट्टीवर थांबले.

इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर ठिणगीचा माग काढावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, जवळपास पेट्रोलचा वास नाही, एवढी खात्री आधी करावी. प्लग काढून त्याच्या वायरला जोडावा आणि रबरी मूठ असलेल्या पकडीने त्याचे लोखंड इंजिनाला टेकवून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगावे. निळी, कडक ठिणगी दिसली तर पेट्रोलकडे वळावे. पिवळी, मलूल दिसली किंवा दिसलीच नाही, तर मागे मागे जावे: प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटरचे झाकण, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पॉइंट उघडताच कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. इतक्या दाबाची वीज झाकणावरच्या दमटपणातूनही पळवाट काढते. आमच्याकडच्या पावसात पुष्कळदा कोरड्या फडक्याने झाकण आतून-बाहेरून पुसणे एवढाच उपचार असतो. पॉइंट काळवंडले असतील तर घासावेत आणि त्यांतली फट गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवावी. पुष्कळ गाड्यांत ती 0.4 मिलिमीटरच्या आसपास असते.

ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजना 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत आली आणि त्यांचाच विजेचा सेल्फ 1912 मध्ये. त्यापूर्वी हँडल मारावे लागे आणि ते उलटले तर मनगट मोडे. आपल्याकडे पद्मिनी आणि अँबॅसिडर या गाड्यांनी पॉइंट आणि कंडेन्सर हे शब्द घराघरांत पोहोचवले. अँबॅसिडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. पद्मिनी टॅक्सीने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला.

आमच्याच तालुक्यात या ठिणगीकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे. नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. ठिणगी उडाली की रेडिओ लहरी निघतात. गाडीतल्या जुन्या रेडिओत इंजिनाबरोबर होणारी खरखर तीच. आकाशातून येणारे अत्यंत क्षीण संदेश टिपणाऱ्या दुर्बिणीला अशी खरखर नको असते. म्हणूनच तिच्यासाठी रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा निवडली गेली. आम्ही जी ठिणगी कंदिलाच्या उजेडात शोधतो, ती तिकडे व्यत्यय ठरते.

नव्या गाड्यांचे दोष संगणक सांगतो, आणि ते चांगलेच आहे. पण संगणकाच्या गाडीतही बॅटरीचे टर्मिनल गंजते आणि अर्थिंगचा नट ढिला होतो. महागडा भाग शेवटी आणि सांधा आधी, ही रीत जुनी होत नाही. काकांचे वय झाले आहे. वाडीतल्या मुलांनी, आणि मुलींनीही, ही रीत त्यांच्या हाताखाली शिकून घ्यावी, आणि तीही मृगापूर्वी, अंगण कोरडे आहे तोवर. घरात दम्याचे माणूस असले, तर एवढी विद्या औषधाच्या डब्याइतकीच जवळ असावी लागते.