जाडं मीठ

आमच्या घरी दुखण्यावरचा पहिला उपाय मिठाचा. जाडं मीठ तव्यावर तडतडेपर्यंत तापवायचं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची आणि गुडघा, कंबर, जे धरलं असेल ते शेकायचं. मीठ विकत आणावं लागत नसे. भाईंदर पश्चिमेला राई-मुर्ध्याकडे जाताना मिठागरं लागत. आजोबा त्यातल्याच एका आगरावर कामाला होते. एप्रिल-मे महिन्यांत मिठाचे ढीग उन्हात असे चमकत की त्यांच्याकडे बघवत नसे. 1985 साली नगरपरिषद झाली, तरी आमच्या आळीपुरतं भाईंदर गावच होतं. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे कुणाला विचारावं लागत नसे.

आजीला स्तनाचा कॅन्सर झाला तो 1987 साली. परळच्या टाटा हॉस्पिटलात जायचं म्हणजे पहाटेची लोकल पकडून एल्फिन्स्टन रोडला उतरायचं. त्या स्टेशनाला आता प्रभादेवी म्हणतात. पुढे कॅन्सर मणक्यात उतरला, तेव्हा आजी घरीच राहिली. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी तासभर बरं वाटे, मग पुन्हा सुरू. आई रात्री तीनदा उठून मीठ तापवी. आळीतल्या बायका पाळीपाळीने आजीपाशी बसत, कुणी पाय चेपी, कुणी हरिपाठ म्हणे. जुनी माणसं सोशीक होती, असं लोक कौतुकाने म्हणतात. मला ते पटत नाही. आजी सोशीक नव्हती, तिच्यासाठी औषधच नव्हतं. पहाटे पहाटे ती तोंडात पदर कोंबायची, आम्हा पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्या पदराला पडलेली दातांची भोकं मी पाहिली आहेत.

आमच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचा थोरला मुलगा होता. गिरणीतली नोकरी संपात गेली आणि तो गर्दच्या नादी लागला. ते दिवसच गर्दचे होते. रुळांच्या कडेला पोरं पन्नी धरून बसलेली दिसत, खाली काडी पेटवून वर नळीने धूर ओढणारी. काकूंनी एकदा त्याला खोलीत कोंडलं. पहिल्या दिवशी तो नुसत्या जांभया देत होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसऱ्या दिवशी टर्की लागली, म्हणजे गर्द तुटल्याचा त्रास. अंगावर शहारे, पोटात मुरडा, जुलाब, हाडं ठणकत होती. काकूंनी ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसायला घेतलं, तर तो किंचाळला. पाणी सुयांसारखं टोचतंय, म्हणाला. भिंतीच्या अलीकडून आजीने विचारलं, "त्याला काय झालंय गं? माझ्यासारखंच दुखतंय का?" आई काहीच बोलली नाही.

त्या दोघांमध्ये काय सामाईक होतं, हे मला फार उशिरा कळलं. गर्द म्हणजे भेसळ केलेलं हेरॉइन. हेरॉइन मॉर्फिनपासून बनतं आणि शरीरात गेल्यावर पुन्हा बरंचसं मॉर्फिनच होतं. अफूच्या बोंडातून 1800च्या सुमारास झेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याने वेगळं काढलेलं तेच द्रव्य. म्हणजे आजीला जे हवं होतं ते भिंतीपलीकडच्या पोराला रुळांच्या कडेला मिळत होतं, आणि भाईंदरच्या एकाही औषधाच्या दुकानात नव्हतं. 1985च्या नोव्हेंबरात अंमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. त्याची शिक्षा कडक आणि परवाने नाना तऱ्हेचे. दुकानदारांनी आणि कित्येक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. गंमत नाही, ही माझ्या मनातली जुनी जखम आहे: 1986 या एकाच वर्षी पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी गर्दमधून माणसं बाहेर काढायला मुक्तांगण सुरू केलं, त्याला पु. लं.ची देणगी होती; वांद्र्याला डॉ. डिसोझांनी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी शांती आवेदना सदन उभं केलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिन तोंडाने, घड्याळ लावून द्या, असं जगाला सांगितलं. यातलं काहीही आमच्या आळीपर्यंत पोचलं नाही. आजी 1988च्या पावसाळ्यात गेली.

पोराला पाणी का टोचलं, तेही पुढे वाचून समजलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत या द्रव्यांसाठी ठरलेल्या जागा असतात. 1973 साली त्या सापडल्या. शरीर स्वतःसाठी बनवतं ते एंडॉर्फिन तिथेच बसतं. बाहेरून रोज अफूवर्गीय औषध आलं की त्या जागा हळूहळू बधिरतात आणि वेदनेची खबर वर पोचवणाऱ्या नसा उलट जोर धरतात. औषध उतरतं, पण हा जोर ओसरत नाही. मग जांभई, शहारा, जुलाब, ठणका, सगळं एकदम अंगावर येतं. काही जणांच्या बाबतीत तर औषध चालू असतानाच वेदना वाढते. क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरांना मॉर्फिनच्या इंजेक्शनांबद्दल हा संशय 1870 सालीच आला होता.

तो संशय मी आमच्याच घरात खरा झालेला पाहिला. दादा रिक्षा चालवतो. आठेक वर्षांपूर्वी त्याची कंबर धरली आणि कुणीतरी त्याला ट्रामाडॉलची गोळी दिली. दिवसाला दोन होत्या, त्या चार झाल्या, मग सहा. 2018च्या एप्रिलपासून ट्रामाडॉल त्याच जुन्या कायद्याखाली आलं, तरी तो कुठून तरी आणतच राहिला. दुखणं कंबरेतून पाठीत, पाठीतून खांद्यात गेलं. एके दिवशी वहिनी म्हणाली, "भावोजी, यांना चादरसुद्धा सहन होत नाही." मला काकूंचं ओलं फडकं आठवलं. डॉक्टरांनी सांगितलं की नुसती सवय झाली असती तर डोस वाढवून आराम पडला असता, इथे डोस वाढला तसं दुखणं पसरलं, म्हणून गोळी कमी करायची, पण एकदम नाही. दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत तीन महिने गेले. मधले काही दिवस दादा रात्रभर गॅलरीत फेऱ्या मारायचा. आता त्याची कंबर दुखते, पण कंबरच दुखते.

आईला कॅन्सर झाला तेव्हा आम्ही मीरा रोडला, अकराव्या मजल्यावर राहत होतो. खिडकीतून मेट्रोचे खांब दिसतात. मजल्यावरच्या चार दारांपैकी दोन घरांची नावं मला ठाऊक नाहीत. पण काळाने एक गोष्ट आमच्या पदरात टाकली, तिचं मोल मी कधी विसरणार नाही. 2014 साली कायदा बदलला, मॉर्फिनसह सहा औषधांसाठी देशभर एकच नियम आले, मान्यताप्राप्त इस्पितळांचा मार्ग सोपा झाला. आईला मॉर्फिन मिळालं. दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, रात्री दहाला दोन, म्हणजे पहाटे दोनला उठवायला नको. बरोबर बद्धकोष्ठावरचं औषध, कारण मॉर्फिन आतडी मंदावतं आणि त्याची सवय शरीराला होत नाही. मधेच कळ आली तर एक जादा गोळी. वहिनी प्रत्येक गोळीची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरात करी. सिस्टर आल्या की खुणा आणि उरलेल्या गोळ्या जुळवून पाहत.

मला भीती होतीच. काकूंचा मुलगा डोळ्यांसमोर होता, दादा तर समोरच बसलेला. सिस्टर म्हणाल्या, औषध अचानक बंद केलं तर यांच्या अंगालाही त्रास होईल, शरीराला त्याची सवय होते. पण व्यसन म्हणजे त्याच्यामागे धावणं. या आजी कशाच्या मागे धावताहेत? आई तेव्हा खुर्चीत बसून नातीची वेणी घालत होती. किती महिन्यांनी घालत होती.

शेवटच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, "गुडघा शेकून दे रे." कॅन्सरशी त्या गुडघ्याचा काही संबंध नव्हता, तो जुनाच. मी पाकिटातलं मीठ तापवलं, फडक्यात बांधलं. बारीक मीठ सुताच्या विणीतून गळून अंथरुणावर सांडलं. आईने चिमूट उचलून बघितली. "हे पीठ कसलं आणलंस? जाडं आण." मी दादाला फोन केला. तो उत्तनच्या बाजूला भाडं घेऊन गेला होता, तिथे मासे सुकवणाऱ्या एका बाईकडून त्याने ओंजळभर खडे मीठ मागून आणलं. थोडं ओलसर, करड्या रंगाचं. तव्यावर ते तडतडलं तेव्हा आईने मान वळवून आवाज ऐकला. दहा वाजले होते. वहिनीने दोन गोळ्या दिल्या, कॅलेंडरवर खूण केली, आणि मी पुरचुंडी गुडघ्यावर धरून बसलो, ती गार होईपर्यंत.